दुखत नाही, म्हणून राहून जाते

स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. जे दुखत नाही ते अंगावर काढता येते. वर लाज असतेच; तपासणारा पुरुष असेल तर ती दुणावते. ‘काही निघालं तर?’ ही धास्ती निराळीच. तीत आजारापेक्षा नवऱ्याचे वागणे आणि मुलीचे लग्न जास्त असते. शिवाय काही होत नसताना रोजंदारी बुडवून दवाखान्यात कशाला, हे सासूला पटवायचे कोणी?

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८मध्ये वस्त्यांमधल्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. मॅमोग्राफी नाही, त्यांपैकी निम्म्यांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. पन्नाशीपुढच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात तसा फरक दिसला नाही. तपासणारी बाईच होती आणि वस्तीत येत होती, याचे मोल मला तंत्राइतकेच वाटते.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी अशी तपासणी सुचवली आहे. तिचे पत्रक खरे तर आधी सासूच्या हाती द्यावे.