लष्करी रेनकोट : घेण्याआधी उलटा करून पाहा

मृगाच्या तोंडावर आठवडे बाजारात हिरव्या, जाड, टोपीवाल्या कोटांचा ढीग घालून एखादा तरी विक्रेता बसलेला दिसतो. "मिलिटरीचा माल आहे, फाटायचा नाही!" असे तो ओरडून सांगतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, माल खरोखरच लष्करातला असेल तर त्याची शिलाई पक्की असते, यात वाद नाही. पण लष्कराने तो काढला कशाला, हे आधी विचारा. कधी माल गरजेपेक्षा जास्त होतो, कधी नमुना बदलतो, तर कधी कोट वापरून पार दमलेला असतो. शिवाय हिरवे कापड आणून कोणीही शिवलेले कोटही त्याच ढिगात मिसळलेले असतात.

म्हणून रंगावर जाऊ नका. कोट उलटा करा. आतला थर बोटाला चिकटत असेल, त्याचे पापुद्रे निघत असतील किंवा आंबूस वास येत असेल, तर खाली ठेवा. नायलॉनवरचा पॉलियुरेथेनचा थर ओलसर हवेत घडी घालून पडून राहिला, तर न वापरताही खराब होतो. तेव्हा "कोराच आहे" या बोलण्याला अर्थ नाही. शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, तेही पाहा. पाणी कापडातून कमी आणि सुईच्या भोकांतून जास्त शिरते. विक्रेत्याची हरकत नसेल तर टोपीत तांब्याभर पाणी ओता आणि दहा मिनिटे थांबा. खालून थेंब आला की उत्तर मिळाले.

रबर लावलेले कापड ही जुनी युक्ती. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून असे कापड केले. पाणी अडते, पण घामही आतच राहतो. मोटेवर, गुरांमागे, बांधावर उभ्याने करायच्या कामाला असा कोट ठीक. भातलावणीला मात्र मी तो सांगणार नाही. दिवसभर वाकून चिखलात काम करणारी बाई त्यात घामानेच भिजते. तिथे आपले इरलेच सरस : पाठ कोरडी राहते आणि खालून वारा खेळतो. आपल्या आजोबा-पणजोबांना हे कळत होते.

आता धोक्याचे सांगतो. हा कोट घालून फवारणी करू नका. औषध कापडात आणि शिवणीत मुरते, पुढे तोच कोट पोरगा शाळेत घालून जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. फवारणीचे कपडे, हातमोजे आणि तोंडावरचा मुखवटा वेगळेच ठेवा, वेगळेच धुवा.

मळणीयंत्राजवळ किंवा ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याजवळ सैल, लोंबता कोट कधीही नको. एक कोपरा अडकला की माणूस ओढला जातो. आणि अंगावर रेनकोट आहे म्हणून ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला हात लावणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. रेनकोट विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही. आकाशातल्या विजेपासूनही नाही.

ठिपक्या-पट्ट्यांच्या लष्करी छापाचा कोट घेऊ नका, साधा हिरवा किंवा खाकी घ्या. आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे म्हणून त्यांच्यासारखा पोशाख करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे. शेतकऱ्याच्या मनात तसे नसते हे खरे, पण रात्री पाण्याच्या पाळीला जाताना नाक्यावर कोणी अडवले, तर उगाच समजावत बसावे लागते.

घरी आणल्यावर कोट सावलीत वाळवा. चुलीवर किंवा कडक उन्हात टांगू नका, इस्त्री फिरवू नका. चिखलाचे डाग काढायला रॉकेल वापरू नका, त्याने रबर फुगते. साधा साबण आणि पाणी पुरे. रबरी कापडाला भोक पडले तर सायकलच्या ट्यूबचे ठिगळ आणि सोल्यूशन चालते. नायलॉनवर ते टिकत नाही. दिवाळीनंतर ठेवताना घडी करून पेटीत कोंबू नका, खुंटीला सैल टांगा. खिशात शेंगदाण्याचा एक दाणा जरी राहिला, तरी उंदीर तो काढायला कोट कुरतडल्याशिवाय राहणार नाही.