सोबतच्या माणसाची तपासणी

१९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ बायकांच्या हातावर मुद्दाम जखम केली. जखम अगदी छोटी, साडेतीन मिलिमीटरची. यातल्या १३ जणी घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं सगळं करत होत्या. उरलेल्या १३ वयाने आणि परिस्थितीने त्यांच्यासारख्याच, पण घरात तसलं आजारपण नसलेल्या. मग काही दिवसांनी जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहायचं. ओल्या जखमेवर ते फसफसतं, हे लहानपणी फुटलेला गुडघा घेऊन कंपाउंडरसमोर बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. फेस यायचा थांबला की जखम भरली. दुसऱ्या गटातल्या बायकांच्या जखमा सरासरी ३९ दिवसांत भरल्या. सेवा करणाऱ्या बायकांना जवळजवळ ४९ दिवस लागले.

आजारी माणसाजवळ बसून बसून जवळचं माणूसही खंगतं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलंच होतं. या प्रयोगाने ते मोजून दाखवलं.

घरात कॅन्सर निघाला की काय होतं, याचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या कॅन्सरच्या पेशंटची काळजी घेणारे १८ नातेवाईक आणि तुलनेसाठी १९ इतर माणसं. निदानापासून पुढे वर्षभर अधूनमधून त्यांचं रक्त आणि लाळ तपासली. ताण आला की अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून कोर्टिसॉल नावाचं संप्रेरक सुटतं आणि शरीरातला दाह आटोक्यात ठेवणं हे त्याचं एक मोठं काम. गंमत म्हणजे दोन्ही गटांच्या कोर्टिसॉलमध्ये फारसा फरक नव्हता. तरीही नातेवाइकांच्या रक्तात दाह दाखवणारं सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन महिनोन् महिने चढत गेलं. कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी कोर्टिसॉलला दाद देईनाशा झाल्या होत्या. आई उठता-बसता ओरडायला लागली की पोराला जसं ते ऐकूच येईनासं होतं, तसं. अभ्यास लहान होता, त्यावरून फार मोठ्या उड्या मारू नयेत. पण रेंगाळणारा दाह हृदयविकाराशी जोडला जातो, हे ध्यानात घेतलं तर या १८ जणांकडे दुर्लक्षही करवत नाही.

म्हणजे सेवा करणं घातक आहे का? इथे थोडं थांबायला हवं. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये ६६ ते ९६ वयोगटातल्या जोडप्यांचा चार वर्षांचा अभ्यास मांडला. जोडीदाराची सेवा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा पुढे सगळीकडे फिरला. त्याच अभ्यासातली दुसरी ओळ मात्र मागे राहिली: सेवा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढीव धोका आढळला नाही. नंतरच्या काही मोठ्या पाहण्यांत तर सेवा करणारी माणसं इतरांपेक्षा थोडी जास्तच जगलेली दिसली. तेव्हा दोष सेवेचा नव्हे. कुणाचाही हातभार नसताना, झोप न मिळता, पैशाची जुळवाजुळव करत, मनातलं कुणाजवळ न बोलता ती करावी लागते, त्याचा आहे.

परळला टाटा रुग्णालयात किंवा त्याच्या आसपास कधीही जा, पेशंट कोण आणि सोबतचं माणूस कोण हे लांबूनही कळतं. सोबतच्या माणसाच्या काखेत फाइल असते, हातात स्कॅनचं मोठं पाकीट, खांद्याला पाण्याची बाटली आणि चटई. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. नंबर लावणं, योजनेचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, गावाकडून येणारे फोन, सगळं त्याच्याकडे. संमतीच्या कागदावर त्याचीही सही असते. एवढ्या कागदपत्रांत त्याची झोप कशी आहे, हे विचारणारा रकाना बहुधा नसतो.

केमोनंतरची एक सूचना बघा. ‘ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी लगेच घेऊन या.’ वैद्यकीयदृष्ट्या ती अगदी बरोबर आहे. केमोने पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात, त्या काळात साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेततो. पण त्या एका वाक्याने गावाकडची बायको रात्रपाळीची नर्स होते. दोन वाजता थर्मामीटर लावते, ९९.८ येतो, पुन्हा अर्ध्या तासाने लावते. तिला हे काम दिलं, ते करायचं कसं आणि आपली भीती कुठे ठेवायची, हे सांगितलं नाही.

यात सगळ्यात जड ओझं कुठलं असेल, तर माझ्या मते लपवाछपवीचं.

ओपीडीत पेशंटला बाहेर बाकावर बसवून मुलगा एकटाच आत येतो. “डॉक्टर, अण्णांना यातलं काही सांगू नका हं. खचतील ते.” ही विनंती आपल्याकडच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना पाठ आहे. तिच्यामागे फसवणूक नसते, माया असते. इंग्लंडमधले मानसोपचारतज्ज्ञ पीटर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅन फॉकनर यांनी १९८८ मध्येच अशा वेळी काय करावं याची वाट आखून दिली होती. नातेवाइकाशी वाद घालायचा नाही. आधी कारण विचारायचं. मग विचारायचं, हे सगळं पोटात ठेवून वावरताना तुमचं काय होतंय? बऱ्याचदा मुलगा तिथेच पहिल्यांदा रडतो. त्यानंतर परवानगी मागायची: मी होऊन काही सांगणार नाही, पण त्यांना काय वाटतंय एवढं विचारलं तर चालेल ना?

आणि अण्णांना विचारलं की अनेकदा उत्तर साधारण असं येतं: “परळला आणलंय म्हणजे काय झालं असणार, ते कळतं की मला. पण पोराला बोलू नका, हळवा आहे तो.” दोघंही जाणून असतात. दोघंही एकमेकांसाठी नाटक वठवत असतात आणि त्यापायी शेतीचे कागद, धाकटीचं लग्न, शेवटचे दिवस कुठे काढायचे, यातलं काहीच बोलणं होत नाही. सगळ्यांनाच सगळं कळावं असा माझा आग्रह नाही. ‘मला नको सांगू, थोरल्याला सांग’ हाही पेशंटचा निर्णय असू शकतो. मात्र तो त्याने घ्यावा.

मदतीचा उपयोग होतो का, याचंही उत्तर आता बरंच हाती आहे. अमेरिकेतल्या ‘इनेबल-३’ या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यात वाढलेल्या कॅन्सरच्या पेशंटांचे १२२ नातेवाईक होते. नर्सने फोनवरून त्यांच्याशी आठवड्याला एक अशी तीन ठरावीक बोलणी करायची आणि पुढे अधूनमधून चौकशी चालू ठेवायची. अडचणींचे तुकडे पाडून एकेक कशी सोडवावी, घरातल्यांकडे मदत कशी मागावी, निर्णयाच्या वेळी पेशंटशी काय बोलावं, स्वतःचं खाणंपिणं आणि झोप. एवढंच. एका गटाला हे फोन चाचणीत आल्यावर लगेच सुरू झाले, दुसऱ्याला १२ आठवड्यांनी. लवकर सुरू झालेल्या गटात नैराश्य कमी आढळलं. अवघ्या तीन महिन्यांच्या उशिराने फरक पडला. आपल्याकडे समुपदेशकाचं नाव निघतं ते बहुधा ‘आता करण्यासारखं काही नाही’ झाल्यावर.

आणि हे फोनवर झालं, हे महत्त्वाचं. गडचिरोलीहून किंवा राजापूरहून समुपदेशनासाठी मुंबई गाठणं कुणाला परवडणार? फोन मात्र घरोघर आहे.

तपासणीचं साधनही महागडं नाही. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ साली जिमी हॉलंड या डॉक्टरीण बाईंनी कॅन्सरच्या पेशंटांसाठी मानसोपचाराचा विभाग उभा केला. या शाखेतून पुढे आलेला ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’ म्हणजे कागदावर काढलेलं तापमापीचं चित्र, शून्य ते दहा आकडे. गेल्या आठवड्यात किती त्रास झाला, तिथे खूण करायची. चार किंवा त्याहून जास्त आलं की पुढची चौकशी करायची. बनवलं पेशंटसाठी, पण नातेवाइकालाही देता येतं. नंबर यायची वाट बघत तासन् तास बसलेल्या माणसाकडे यासाठी एक मिनिट नक्की असतं.

आपल्याकडे अगदीच काही नाही असंही नव्हे. टाटा रुग्णालयात वेदनाशमन आणि परिहार सेवेची (पॅलिएटिव्ह केअरची) ओपीडी १९९६ पासून आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ चं, शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांना ठेवून घेणारं देशातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं परिहार सेवेचं केंद्र आहे, तिथे घरच्या माणसाला पेशंटसोबत राहून काळजी कशी घ्यायची ते शिकता येतं. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतो. तो कॅन्सरसाठी खास नाही. पण रात्री दोनला थर्मामीटर घेऊन बसलेल्या बाईला तेव्हा बोलायला माणूस हवं असतं, तज्ज्ञ असलाच पाहिजे असं नाही.

घरातल्या लहान मुलांना तर बहुतेकदा मामाकडे पाठवून विषय संपवला जातो. सात-आठ वर्षांचं मूल मनातल्या मनात हिशेब मांडतं: मी त्या दिवशी आईला उलट बोललो म्हणून तिला हे झालं. किंवा तिला शिवलं तर मलाही होईल. दोन्ही खोटं आहे, हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत, आईचे केस जायच्या आधी सांगावं लागतं.

आणि माणूस गेलंच तर? तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. मग पाहुणे आपापल्या गावी जातात. सहा महिने-वर्षभर रोज ज्याच्या औषधांच्या वेळांवर दिवस बेतला होता, त्याचं करणं एकदम संपतं, आणि रुग्णालयाशी असलेलं नातंही फाइलबरोबर मिटतं. बहुतेकांचं दुःख हळूहळू निवळतं, त्याला औषध लागत नाही. काहींचं मात्र जिथल्या तिथे थिजून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत सहा महिन्यांहून लांबलेल्या, रोजचं जगणं अडवणाऱ्या अशा शोकाला स्वतंत्र जागा आहे. तो ओळखायचा तर जाणाऱ्याची काळजी घेणाऱ्या चमूतल्याच कुणीतरी महिन्या-दीड महिन्याने आणि पुन्हा सहा महिन्यांनी घरी फोन करायला हवा. परिहार सेवेच्या चांगल्या केंद्रांत असा फोन करणं कामाचाच भाग मानतात. पेशंट दाखल करताना नातेवाइकाचा नंबर घेतलेलाच असतो.