माहिती चौकट : समानतेचा कायदा, बार्शी ते रोम

• 1923 : मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. अंमल कागदापुरताच.

• मे 1924 : बार्शीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद, डॉ. आंबेडकरांचे भाषण.

• मे 1947 : साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले.

• 1950, संविधान : कलम 14 – कायद्यापुढे समानता. कलम 15 – धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून सरकारने भेदभाव करायचा नाही. दुकान, उपाहारगृह, विहीर येथे मात्र ही मनाई खासगी व्यक्तींनाही लागू. कलम 17 – अस्पृश्यता नष्ट. ती पाळणाऱ्यांना शिक्षा करणारा कायदा 1955चा.

• युरोप : सुरुवात वेतनापासून. 1957चा रोम करार, कलम 119 : स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन. वंश, धर्म, वय, अपंगत्व, लैंगिक कल यांवरचे निर्देश 2000 साली.

• फरक : प्रत्यक्ष भेदभाव – अमुक म्हणून नाकारणे. अप्रत्यक्ष – नियम सर्वांना एकच, पण सबळ कारणाशिवाय झळ एकाच गटाला.