वरची कोथिंबीर

महाराष्ट्रातल्या भाजीबाजारात रोज एक देवघेव होते, जिची नोंद ना पावतीत सापडते ना वहीत. वांगी तोलून होतात, पैसे सांगून होतात आणि भाजीवाली ओल्या गोणपाटाखालची जुडी सैल करून कोथिंबिरीच्या चार काड्या, दोन मिरच्या, जमल्यास कढीपत्त्याची एक डहाळी पिशवीत टाकते. हे 'वरचं'. त्याला दर नाही, माप नाही, आणि घेणाऱ्याचा त्यावर हक्कही नाही. छोट्या धंद्याने गिऱ्हाईक कसे राखावे याची चर्चा हल्ली सवलती, कूपने आणि पॉइंट यांच्याभोवती फिरते. पण या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून ही चार काड्यांची रीत ते काम करत आली आहे. तिचे बळ कोथिंबिरीच्या किमतीत नाही. ती द्यायची की नाही हे विकणारीने स्वतःच्या मनाने ठरवायचे असते, तिचे बळ तिथे आहे. आणि ते स्वातंत्र्य काढून घेतले की मागे उरते ती नुसती सवलत.

या सैल हाताचा एक माग भाषेत सापडतो. धान्य पायली, अधोली, मापटे, चिपटे अशा मापांनी मोजले जाई तेव्हा माप दोन तऱ्हांनी भरता येई: काठाबरोबर सपाट, किंवा काठावर रास चढवून. त्या राशीचे नाव शीग. एखादी गोष्ट 'शिगेला पोचली' असे आपण म्हणतो ते त्या मापावरूनच. शीग किती चढवायची हे मोजणाऱ्याच्या हातात होते आणि त्या हातावरून दुकानदाराची पारख होत असे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजन-मापे आली, पुढे काट्याची जागा आकडे दाखवणाऱ्या यंत्राने घेतली. फसवणुकीला आळा बसायला हे हवेच होते. पण आकड्यावर शीग चढत नाही. काट्यावर औदार्याला जागा उरली नाही, तेव्हा ते काट्याबाहेर, पिशवीच्या तोंडाशी येऊन थांबले, असे म्हणायला हरकत नाही.

कोथिंबीरच का, याचे उत्तर हिशेबात आहे. पेरल्यापासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांत हाती येणारे हे पीक. पानांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. पाटीत उन्हाला ठेवली तर दुपारपर्यंत ती मान टाकते. घाऊक बाजारात ती शेकडा जुड्यांच्या भावाने घ्यायची, त्यातल्या काही वाटेत सुटतात, काहींच्या काड्या मोडतात, आणि सुटलेल्या जुडीला अख्ख्या जुडीचा भाव मिळत नाही. म्हणजे देणारीला त्या चार काड्यांची झळ अगदी थोडी. घेणाऱ्याच्या घरी मात्र उद्याच्या पोह्यांवर पेरायला नेमकी तेवढीच हवी असते. अख्खी जुडी घेतली तर निम्मी फ्रिजमध्ये सडायची. एकाला जे जवळजवळ फुकट पडते आणि दुसऱ्याच्या नेमके कामी येते, ते देण्यात शहाणपण आहे. सायकलवाला हवा भरता भरता ब्रेक आवळून देतो, शिंपी सदऱ्याचे तुटलेले बटण पैसे न घेता लावतो, पाणीपुरीवाला शेवटी सुकी पुरी हातावर ठेवतो, ते याच हिशेबाने. शंभर रुपयांच्या मालावर दहा टक्के सूट दिली तर दहा रुपये खरोखर जातात. या गोष्टींत जातो तो उरलेला माल किंवा मिनिटभराचा वेळ.

पण स्वस्त आहे म्हणून ती रीत चालते, एवढ्यावर थांबता येत नाही. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २००२ मध्ये उपाहारगृहांतल्या टिपचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बिलासोबत काहीच दिले नाही तेव्हा टिप बिलाच्या सुमारे १९ टक्के पडली. प्रत्येकाला दोन चॉकलेटे एकदम दिली तेव्हा ती पावणेबावीसच्या आसपास गेली. आणि वाढणाऱ्याने आधी एकच चॉकलेट दिले, निघाला, मग मनात आल्यासारखा मागे वळून दुसरे दिले, तेव्हा ती २३ टक्क्यांना टेकली. शेवटच्या दोन प्रकारांत चॉकलेटे तेवढीच, खर्च तेवढाच. वाढले ते 'हे तुमच्यासाठी' असे वाटणे. एका जेवणाची टिप म्हणजे जन्माची निष्ठा नव्हे, हे खरे. तरी माणूस वस्तू मोजतो तसा देणाऱ्याचा हेतूही मोजतो, एवढे त्यातून दिसते. जुडीत पुन्हा हात घालून 'घ्या ताई, आणखी थोडी' म्हणणाऱ्या भाजीवालीला ते कोणी शिकवावे लागले नाही.

२०२४ च्या मे महिन्यात याच रीतीची एक वेगळीच परीक्षा झाली. घरपोच किराणा देणाऱ्या ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे पैसे मोजावे लागतात हे पाहून आपल्या आईला धक्काच बसला, असे मुंबईतल्या एका ग्राहकाने गमतीने समाजमाध्यमावर लिहिले. ठरावीक भाजी घेतली की ती फुकट द्यावी, ही आईची सूचनाही कळवली. कंपनीच्या प्रमुखांनी ती लगोलग अमलात आणली आणि त्या आईचे आभार मानायला सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीला भाजीवालीची नक्कल करावीशी वाटली, यातच त्या काड्यांची किंमत कळते. पण नक्कल अर्धीच होऊ शकते. पडद्यावरची कोथिंबीर नियमाने येते, सगळ्यांना सारखी येते. ती आली म्हणून कोणाला कृतज्ञ वाटायचे कारण नाही, आणि एके दिवशी बंद झाली तर मात्र तक्रार होईल. नियमाने मिळणारी भेट दोन-चार आठवड्यांत हक्क बनते.

यावर पहिला आक्षेप असा, की फुकट काहीच नसते, कोथिंबिरीचे पैसे वांग्यातच लावलेले असतात. असतीलही. साडीवाल्याच्या गादीवरचा चहाही साडीतच धरलेला असतो, आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक असते. तरी तो चहा कोणाला विचारायचा, किती आपुलकीने विचारायचा, हे किमतीत धरता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: मनाने द्यायचे म्हटले की मनात भेदभावही येतो. ओळखीच्या ताईला मूठभर, आणि पाव किलो घेणाऱ्या कामवाल्या बाईला काही नाही. हा या रीतीचा खरा दोष आहे आणि तो झाकून उपयोग नाही. त्यावर उतारा एकच, माप सगळ्यांना चोख आणि त्यानंतर हात सैल. काटा मारून कोथिंबीर देणे हे औदार्य नव्हे, ती लाच आहे. तिसरा आक्षेप गिऱ्हाइकांवरच उलटतो. घासाघीस करून भाव पाडायचा आणि वर कोथिंबीर मागून घ्यायची, यात भाजीवालीच्या तुटपुंज्या कमाईवर डल्ला पडतो. आक्षेप खरा आहे, पण तो मागण्याविरुद्ध आहे, देण्याविरुद्ध नाही. 'आज नाही परवडत' म्हणायची मोकळीक जिथे उरत नाही, तिथे 'घ्या' या शब्दालाही अर्थ राहत नाही.

धंदा करणाऱ्याने यातून घ्यायचे ते सोपे आहे: आपल्याला कमी खर्चाचे आणि समोरच्याच्या कामाचे काय आहे ते शोधावे, ते द्यावे, पण त्याची पाटी लावू नये. गिऱ्हाइकानेही आपल्या बाजूने एक पथ्य पाळावे. पावसाने पीक झोडपले की जुडीचा भाव भलताच चढतो. त्या दिवसांत कोथिंबीर मागू नये, लागली तर विकत घ्यावी.