येत्या हंगामाचा भाव

क्रीडास्पर्धांचे हंगाम सुरू होण्यापूर्वी वृत्तपत्रांतून जी भाकिते छापली जातात, त्यांच्याविषयी मला फार पूर्वीपासून एक छंदिष्ट जिव्हाळा आहे. सामन्याचा वृत्तांत दुसऱ्या दिवशी शिळा होतो, परंतु भाकीत जितके जुने तितके वाचनीय. कारण जे घडले ते ठाऊक असलेल्या वाचकाला, जे घडेल असे ठामपणे सांगणाऱ्या लेखकाचा आत्मविश्वास पाहण्याचे एक किंचित दुष्ट सुख त्यातून लाभते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासात या दृष्टीने १९५० च्या शरदऋतूइतका संपन्न काळ दुसरा नसावा, आणि त्या शरदात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजइतके उज्ज्वल भवितव्य क्वचितच दुसऱ्या कोणाच्या नावावर मांडले गेले असेल.

तसे मांडण्यास सबळ कारण होते. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात या संघाने नॅशनल इन्व्हिटेशन आणि एनसीएए या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा, एकाच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आणि अंतिम सामन्यात एकाच ब्रॅडली विद्यापीठाला हरवून, जिंकल्या होत्या. एकाच वर्षात या दोन्ही स्पर्धा त्यापूर्वी कोणी जिंकल्या नव्हत्या आणि त्यानंतरही आजवर कोणी जिंकलेल्या नाहीत. वाटेत त्यांनी अ‍ॅडॉल्फ रप या दरारा असलेल्या प्रशिक्षकाच्या केंटकी संघाचा ८९–५० असा धुव्वा उडवला. एनसीएएच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणांत ब्रॅडलीच्या जीन मेलकिओरीने टाकलेला चेंडू सिटीचा कर्णधार अर्विन डॅमब्रॉट याने अडवला व लांब फेकून नॉर्म मेगरच्या हाती दिला, आणि ७१–६८ या अंकांवर सामना संपला. डॅमब्रॉट आणि मेगर पदवी घेऊन बाहेर पडले खरे, पण एड रोमन, एड वॉर्नर, अल रॉथ आणि फ्लॉइड लेन हे चौघे त्या वेळी केवळ दुसऱ्या वर्षात होते. प्रमुख पाच जणांपैकी चार जण हाताशी, आणि वर नॅट होलमनसारखा १९१९ पासून त्या पदावर असलेला प्रशिक्षक! भाकीत करणाऱ्याने याहून अधिक काय मागावे?

सिटी कॉलेज हे १८४७ साली नगरवासीयांच्या मतदानाने स्थापन झालेले, शिकवणीचे शुल्क न घेणारे विद्यालय होते. हार्लेमच्या टेकडीवर, म्हणजे डॉ. आंबेडकर जेथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठापासून उत्तरेकडे वीसेक रस्ते ओलांडल्यावर, त्याच्या काळ्या दगडी इमारती आजही उभ्या आहेत. स्थलांतरित यहुदी शिंप्यांची आणि दुकानदारांची मुले गुणवत्तेच्या जोरावर तेथे फुकट शिकत, आणि त्यांच्या विजयी संघात यहुदी व कृष्णवर्णीय मुलांचाच भरणा होता. केंटकीच्या गौरवर्णीय संघाचा पराभव म्हणूनच नगराला निव्वळ खेळातला विजय वाटला नाही.

आता ज्या यंत्रणेने हे सारे गिळले, तिच्याकडे वळतो. हरणार कोण आणि जिंकणार कोण एवढ्यावरच पैज लागत असे तोपर्यंत बलाढ्य आणि दुबळ्या संघांच्या लढतीत बुकीला धंदा नव्हता, कारण दुबळ्यावर पैसे लावणार कोण? यावर तोडगा निघाला तो तफावतीचा, आणि त्याचे श्रेय शिकागोच्या चार्ल्स मॅकनील नामक, एके काळी गणित शिकवलेल्या, इसमास दिले जाते. सिटी कॉलेज दहा गुणांनी जिंकेल असा भाव निघाला, की सिटीवर पैसे लावणाऱ्याला सिटी नुसती जिंकून चालत नाही. ती दहाहून अधिक गुणांनी जिंकावी लागते. यात चातुर्य आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु याच क्षणी खेळाडूच्या हाती विकण्याजोगी एक नवी वस्तू आली. सामना हरण्यासाठी लाच घेणे हा उघड द्रोह. सामना जिंकून केवळ सहाच गुणांनी जिंकणे, यात मात्र संघही फसत नाही, महाविद्यालयाचे नावही जात नाही, आणि हजार डॉलर खिशात पडतात, असे वीस वर्षांच्या मुलाला पटवून देणे कठीण नव्हते. ज्या संघाचे भवितव्य जितके उज्ज्वल, त्याची तफावत तितकी मोठी, आणि तफावत जितकी मोठी तितकी तिच्यातून चोरण्यास जागा अधिक. सारांश, उत्तम संघाची ख्याती हाच त्याच्या चोरांचा मुद्देमाल होता. (न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावांवर ज्या काळी मुंबईत आकड्याचा जुगार खेळला जाई, त्या काळाचीच ही गोष्ट, समुद्राच्या दोन्ही तीरांवर हिशेबाची बुद्धी सारखीच चालत होती.)

मुले बिघडली कोठे, याचा माग काढताना मला सर्वांत अधिक काही सापडले ते कॅट्सकिल डोंगरातील उन्हाळी हॉटेलांत. तेथे महाविद्यालयीन खेळाडू वाढपी किंवा हमाल म्हणून उन्हाळाभर काम करीत आणि रात्री हॉटेला-हॉटेलांत सामने रंगत. पाहुणे मंडळी दोन्ही संघांच्या गुणांची एकूण बेरीज किती होईल यावर पैसे जमवीत, आणि ती बेरीज ‘जुळवून’ देणाऱ्या खेळाडूला ज्याचा आकडा लागला तो खुशीने वाटा देई. कोणी यास गुन्हा म्हणत नसे. जेवणानंतरची ती गंमत होती. लाँग आयलंड विद्यापीठाचा एडी गार्ड नावाचा खेळाडू याच वर्तुळातून पुढे साल्व्हातोर सोलाझो या सामने विकत घेणाऱ्या जवाहिऱ्याचा दलाल बनला. १९३४ पासून नेड आयरिश या चतुर व्यवस्थापकाने महाविद्यालयांचे दुहेरी सामने गार्डनमध्ये भरवून अठरा-अठरा हजारांची गर्दी जमवली होती. त्या तिकिटांचे पैसे व्यवस्थापकाला मिळत, महाविद्यालयाला मिळत; खेळणाऱ्या मुलाच्या हाती मात्र काही येत नसे, कारण तो हौशी होता.

हे सारे उजेडात आणले ते सिटी कॉलेजच्या कोणी नव्हे, तर मॅनहॅटन कॉलेजच्या जूनियस केलॉग या सहा फूट आठ इंच उंचीच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने. व्हर्जिनियातील पोर्ट्समथचा हा मुलगा आधी सैन्यात होता आणि आपल्या महाविद्यालयाच्या संघातील पहिलाच कृष्णवर्णीय खेळाडू होता. १९५१ च्या जानेवारीत मागील वर्षीचा संघाचा सहकर्णधार त्याला वसतिगृहाच्या खोलीत येऊन भेटला आणि द पॉल विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी एक हजार डॉलर देऊ केले. पुढे जबानीत आलेली त्या वेळची शिकवणी वाचताना माझ्या मनात तिटकाऱ्याबरोबर काहीसे कौतुकही उमटले, इतकी ती तपशीलवार आहे: परतणारा चेंडू अधूनमधून हातून निसटू द्यावा, चेंडू मिळाल्यावर पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे लगेच पाहू नये, आणि डोक्यावरून मारायचा फटका जरा जास्त जोराने मारावा. प्रेक्षकाला यांतले काहीच खटकणार नाही, कारण अशा चुका चांगल्या खेळाडूकडूनही होतच असतात. केलॉगने प्रशिक्षक केन नॉर्टनकडे फिर्याद नेली, नॉर्टनने प्राचार्यांकडे, आणि तेथून ती पोलिसांकडे गेली. पोलिसांनी त्याला होकार देऊन सौदा पुढे नेण्यास सांगितले. त्या रात्री बिचाऱ्या केलॉगचा खेळ मनावरील ताणाने खरोखरच बिघडला, तरी मॅनहॅटनने सामना ६२–५९ असा जिंकला, आणि मध्यस्थ गजाआड झाले.

याच केलॉगला पुढे १९५४ साली, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या व्यावसायिक संघात असताना, मोटारीच्या अपघाताने कायमचे अपंगत्व आले, आणि त्यानंतर चाकाच्या खुर्चीवरून खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलचा तो नामांकित प्रशिक्षक झाला. या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण होलमन आणि रप यांच्याच भोवती घोटाळतात. केलॉगला दोन ओळींत वाटेला लावण्याची ही प्रथा मला कृतघ्नपणाची वाटते.

पुढील घटनाक्रम वेगाने सांगण्यासारखा आहे. १७ फेब्रुवारीला सिटीने फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठाला हरवले. परतीच्या गाडीत गुप्त पोलीस चढले आणि न्यूयॉर्कला उतरताच रोमन, रॉथ व वॉर्नर यांना ताब्यात घेण्यात आले. चालू हंगामातील मिझुरी, अ‍ॅरिझोना आणि बोस्टन कॉलेज यांच्याशी झालेले तिन्ही पराभव विकलेले निघाले. काही दिवसांनी लेनलाही कबुली द्यावी लागली, आणि ब्रॉन्क्समधील त्याच्या घरी, झोपण्याच्या खोलीतील एका फुलझाडाच्या कुंडीतून, रुमालात गुंडाळलेले २,८९० डॉलर पोलिसांनी उकरून काढले. मिळालेल्या तीन हजारांतून मुलाने उणीपुरी शंभरी खर्च केली होती! श्रीमंतीचा मोह एवढा मोठा आणि तिचा उपभोग घेण्याची हिंमत एवढी थोडी, हे त्या कुंडीतल्या मातीइतके स्पष्ट दुसऱ्या कशातही दिसत नाही. सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या तपासाचा एकूण हिशेब सात महाविद्यालये, ३२ खेळाडू आणि १९४७ ते १९५० या काळातील ८६ सामने असा भरला.

रप यांनी १९५१ च्याच उन्हाळ्यात जाहीर केले होते, की जुगाऱ्यांना माझ्या मुलांना दहा फुटी काठीनेही स्पर्श करता येणार नाही. ऑक्टोबरात १९४८ च्या ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवलेले त्यांचे अ‍ॅलेक्स ग्रोझा आणि राल्फ बिअर्ड पकडले गेले. आणि येथे माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मौल्यवान दस्तऐवज समोर येतो: न्यायमूर्ती सॉल स्ट्राइट यांनी १९५२ च्या एप्रिलमध्ये केंटकीच्या खेळाडूंची शिक्षा तहकूब करताना लिहिलेले, साठांहून अधिक पानांचे मत. त्यात त्यांनी खेळाडूंपेक्षा विद्यापीठालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले: माजी विद्यार्थ्यांकडून मुलांना मिळणारे पैसे आणि धंदा झालेला खेळ यांची जंत्री मांडली. त्याच निकालात आले, की लेक्सिंग्टनमधील एड कर्ड या प्रसिद्ध बुकीशी रप यांची ऊठबस होती, आणि आपल्या संघाची तफावत किती निघाली आहे हे जाणून घेण्यासाठी ते त्याला दूरध्वनी करीत. दहा फुटी काठीची भाषा करणारा प्रशिक्षकच आपल्या मुलांचे भवितव्य त्यांच्यावर भाव काढणाऱ्या इसमास विचारीत होता. मला यात ढोंग तितकेसे दिसत नाही. रप यांनी फक्त कबूल केले, की या धंद्यात खरे भाकीत वृत्तपत्रांत नसते, बुकीच्या वहीत असते.

शिक्षा मात्र ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे वाटल्या गेल्या. सोलाझोला आठ ते सोळा वर्षांची सजा झाली हे उचित. परंतु एड वॉर्नरला, म्हणजे हार्लेममधील ज्या पोरक्या मुलाला निमंत्रितांच्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला होता त्याला, सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगावा लागला. सिटी कॉलेजनेही काही खेळाडूंना प्रवेश देताना शाळेच्या गुणपत्रकांत फेरफार केले होते असे चौकशीत निघाले; त्याबद्दल कोणीही तुरुंगात गेले नाही. ज्याचा चेंडू अडवून सिटीने किताब जिंकला, त्या मेलकिओरीचीही हजेरी १९५१ च्या उन्हाळ्यात याच यादीत लागली. व्यावसायिक संघांच्या निवडीत तो त्या वर्षी देशात पहिला आला होता, आणि एकही सामना न खेळता त्याची ती कारकीर्द संपली. होलमन यांना १९५२ मध्ये शिक्षण मंडळाने निलंबित केले. त्यांनी राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे दाद मागितली, १९५४ मध्ये ते पुन्हा रुजू झाले आणि पुढे १९६० पर्यंत शिकवीत राहिले.

लेनचा मार्ग लांबचा निघाला. त्याच्यावर व्यावसायिक लीगने आजन्म बंदी घातली, म्हणून त्याने ब्रॉन्क्समधील मुलांना शिकवण्यात वर्षे काढली. पुढे व्यावसायिक बास्केटबॉल गाजवणारा नेट आर्चिबाल्ड त्यांपैकीच एक. १९७४ साली सिटी कॉलेजने त्यालाच मुख्य प्रशिक्षक नेमले आणि चौदा वर्षे ते पद त्याच्याकडे राहिले. त्या वेळेपर्यंत महाविद्यालयाने मोठ्या स्पर्धांतून माघार घेऊन आपल्याच व्यायामशाळेत, बेताच्या प्रेक्षकांसमोर, तिसऱ्या श्रेणीत खेळणे पत्करले होते.