गाव टेकाडावर कसं चढलं?

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या गावात गेलात तर एक गंमत बघा. भोवताली कापूस-सोयाबीनचं सपाट, काळंभोर शिवार. पण जुन्या वस्तीकडे, गढीकडे निघालं की चढ लागतो! पायाखालची मातीही राखाडी-पांढरी होते. सपाट रानात हे टेकाड आलं कुठून?

ते माणसांनीच केलंय. ठरवून नाही बरं का, नुसतं पिढ्यानपिढ्या तिथं राहून!

आधी काळ्या मातीचं ऐका. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर पसरला आणि थंड होऊन त्याचा काळा दगड झाला. ऊन-पावसानं तो झिजला आणि गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठांनी काळी माती साठली. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात आकसते, तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकांना ती फार मानवते, पण घराची भिंत तिच्यावर तडकते.

म्हणून लोक काळीत पेरायचे आणि पांढरीवर, म्हणजे त्या राखाडी-पांढऱ्या मातीच्या वस्तीवर, राहायचे. भिंती मातीच्या, वर मातीचंच सपाट छप्पर, म्हणजे माळवद. पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर चढायचा. चुलीची राख, शेण, फुटकी मडकी, बांगड्यांचे तुकडे तिथंच पडायचे. घर पडलं की ढिगारा सारखा करून त्यावरच नवं घर! असं शेकडो वर्षं चाललं आणि जमीन वर वर आली. उंचावर पुराची भीती कमी, म्हणून वस्तीही तिथंच टिकली.

अशा टेकाडात सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या पांढरीत दोन हजार वर्षांपूर्वीच्या, सातवाहन काळातल्या वस्तू मिळाल्या. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी राहायला आले होते. खालच्या थरांत मोठी चौकोनी घरं सापडली, वरच्या थरांत लहान गोल झोपड्या. असं का? पाऊस कमी झाला, शेती पिकेना, म्हणून लोक शिकारीकडे आणि मेंढ्या-बकऱ्यांकडे वळले, असं संशोधकांनी मांडलं.

पण जुना दुष्काळ कळतो कसा? लोणारच्या सरोवराला विचारायचं! परभणीच्या उत्तरेला, बुलढाणा जिल्ह्यात ते आहे. त्याच्या तळाशी हजारो वर्षांचा गाळ थराथरानं साठलाय. तो तपासल्यावर कळलं, की इनामगाव वसण्याआधीही, सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, पाऊसमान दीर्घकाळ घटलं होतं.

पाऊस जमीन बदलतो आणि माणूसही ती बदलतो. उतारावरची झाडं तुटली, गवत फार चरलं गेलं, की पावसानं माती वाहून जाते आणि उघडा मुरूम उरतो. पण तीच माती अडवायला माणसानं बांध घातले. पाण्यासाठी बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, बांधल्या. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव बघाच! गावकऱ्यांनी गाळ उपसून ती पुन्हा मोकळी केली.

पांढरी मात्र आज झपाट्यानं संपतेय. घरांसाठी, शेतात टाकायला तिची माती उकरून नेतात. एकदा थर विस्कटले, की कुठली वस्तू कोणत्या काळातली, हे कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी एक काम. पहिल्या पावसानंतर मोठ्या माणसांसोबत गावच्या पांढरीच्या उतारावर जा. धुऊन निघालेली खापरं दिसतील. उकरू नका, उचलू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख वहीत लिहा आणि शाळेत बाईंना, गुरुजींना दाखवा. आजी-आजोबांनाही विचारा, त्यांच्या लहानपणी हे टेकाड केवढं होतं?