माशालाही टोचतात लस!



पावसाळा तोंडावर आला की आपण गोठ्यातल्या जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घेतो. पण माशाला लस टोचतात असे कुणी सांगितले, तर पारावर हशा पिकेल. पाण्यात सुळकन निसटणारा मासा धरायचा कसा आणि टोचायचे कुठे? पण ही थट्टा नव्हे. ज्यांनी शेततळ्यात रोहू-कटला सोडला आहे, त्यांनी तरी ही हकिकत समजून घ्यावी.

युरोपच्या उत्तरेला नॉर्वे हा थंड देश आहे. तिथे समुद्राच्या खाड्यांत जाळ्यांचे पिंजरे सोडून सामन मासा वाढवतात. एका पिंजऱ्यात हजारो मासे. आणि दाटी झाली की रोग आलाच. थंड पाण्यात होणारा व्हिब्रिओसिस हा जिवाणूंचा रोग तिथे होताच. त्यात १९८५ साली स्कॉटलंडहून आणलेल्या पिलांबरोबर फुरुंक्युलोसिस शिरला. अंगावर गळवे येऊन मासे पटापट मरू लागले.

मग तिथल्या लोकांनी खाद्यात प्रतिजैविक औषधे मिसळण्याचा सपाटा लावला. १९८७ साली सुमारे ५० हजार टन सामन पिकवायला ४८ टनांच्या आसपास औषध खर्ची पडले. म्हणजे टनामागे जवळजवळ एक किलो! पण आजारी मासा खाणेच सोडतो. औषध पोटात जाते ते धडधाकट माशाच्या. उरलेले खाद्य समुद्राच्या तळाशी बसते. वरचेवर तेच औषध मिळाले की जिवाणूही त्याला सरावतात आणि पुढे औषध लागू पडेनासे होते.

यातून वाट काढली ती लशीने. रोगाचे जिवाणू मारून ते तेलात मिसळायचे, की लस तयार. पिलू अजून गोड्या पाण्याच्या टाकीत असतानाच, साधारण ३० ग्रॅम वजनाच्या पुढे, त्याला गुंगीच्या पाण्यात सोडतात. ते शांत झाले की पोटात लशीचा दशांश मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी डोस टोचतात. आता हे काम बरेचसे यंत्रावर होते. अगदी बारीक पिलांना लशीच्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून काढतात, मात्र त्याचा असर फार दिवस टिकत नाही.

लस टोचली की लगेच संरक्षण मिळते असे नाही. पाण्याचे तापमान गुणिले दिवस, हा आकडा सुमारे ५०० व्हावा लागतो. पाणी १० अंशांचे असेल तर ५० दिवस थांबायचे. थंडीत उसाची उगवण लांबते, तसाच हा प्रकार. त्याआधी पिलू समुद्रात सोडले तर खर्च वाया.

फळ काय मिळाले? २०२१ साली नॉर्वेने १५ लाख टनांहून अधिक सामन काढला आणि औषध लागले एका टनाहूनही कमी. सगळे श्रेय लशीचे नाही. एका ठिकाणी एकाच वयाचे मासे ठेवणे, माल काढल्यावर जागा काही काळ मोकळी सोडणे, हेही त्यांनी कटाक्षाने पाळले. आपण पिकाची फेरपालट करतो, त्यातलेच हे.

आपल्याकडे रोहू-कटल्याला लस टोचण्याची पद्धत रूढ नाही. पण धडा तोच आहे. रोग आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीची काळजी स्वस्त पडते. उसाची बेणेप्रक्रिया आपण लागणीच्या आधीच करतो ना? तसेच मत्स्यबीज खात्रीच्या ठिकाणचे घ्या. तळ्यात सोडण्यापूर्वी बोटुकली १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवून मिनिटभर बुडवून घ्या. तळ्यात दाटी करू नका. शेण नि खाद्य बेताने टाका. अंगावर लाल चट्टे दिसले, खवले उभे राहिले किंवा पंख कुजू लागले, तर आधी खाद्य कमी करा, ताजे पाणी सोडा आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना तळे दाखवा.

दुकानदाराने दिलेली प्रतिजैविकाची पुडी मात्र मनाने तळ्यात ओतू नका. त्या तळ्यातला मासा शेवटी आपल्याच घरच्या ताटात येतो.

— शेतकी विभाग